इंग्रजी आनजो, देव नको आनू

मला इंग्रजी आलं ते पापापासून सुरू होऊन. बादलीला, उंबरठ्याला, फोडणीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला फार उशिरा, कॉलेजच्या वसतिगृहात इतर मुलींकडून कळलं. पण पतन, प्रायश्चित्त, कृपा, उद्धार या सगळ्यांचे इंग्रजी शब्द मी धामणगाव बढ्यात असतानाच स्पेलिंगसकट पाठ केले होते. कॉलेजच्या सुरुवातीच्या दिवसांत बाईंनी मला विचारलं, उशीर का झाला. मी उभी राहिले आणि इंग्रजीत जे बोलले त्याचा मराठीत अर्थ असा होतो, ‘माझ्या हातून अतिक्रमण घडले आहे, मी दयेची याचना करते.’ वर्ग हसून लोळला. बाई हसल्या नाहीत. मिशनच्या शाळेतली का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, बौद्ध आहे. त्यावर वर्ग आणखी हसला, आणि या खेपेला बाईसुद्धा. मीही हसले असते, पण त्या वेळी माझ्या घरी त्याच इंग्रजीपायी जे होऊन बसलं होतं ते आठवून मला बाकावर बसताही येईना.

ते सांगायचं तर आधी घर सांगायला हवं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. गाव त्यांना मास्तर म्हणे, कारण ते गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत. घर मातीचं, दोन खोल्यांचं, पण अंगण माय इतकं नेमानं सारवायची की पाहुणे चपला रस्त्यावरच काढत. पहाटे जात्याची घरघर, मग भाकरी थापल्याचा आवाज, आणि त्या आवाजावर भाऊंचा आवाज. ते वर्तमानपत्रसुद्धा मोठ्यानं वाचत, कारण माय चुलीपाशी बसून ऐकते हे त्यांना ठाऊक होतं. कळण्याची भाकर, तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार, हिवाळ्यात काड्यांच्या जाळावर वांगी भाजल्याचा वास. आमच्याकडे देवघर नव्हतं. पूर्वी जिथे होतं त्या कोनाड्यात आता भाऊंचा चष्मा, घड्याळ आणि शाईची दौत असायची. दिवेलागणीला मायचा हात अजून तिकडे वळायचा आणि मग काहीतरी पुसल्यासारखं करून परत यायचा. भाऊ ते पाहायचे आणि पाहिलंच नाही असं दाखवायचे.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते, पण टोपलं आठवतं. भाऊंनी आमचे देव त्यात घातले, पितळेचे टाक, एक घासून गुळगुळीत झालेला खंडोबा, आणि नदीवर नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं दारात. दीक्षा सगळ्यांनीच घेतली होती, पण स्वतःच्या हातानं देव उचलायला कोणी धजत नव्हतं. समोरच्या घरातली बायजाबाई तर रडतच आली. नवरा गेलेला, लेकरं गेलेली, आणि शेंदूर फासलेला मरीआईचा दगड तेवढा उरलेला. ‘माह्याच्यानं होत नाही मास्तर,’ ती म्हणाली, ‘तुमीच न्या.’ भाऊंनी ते टोपलं कितीदा तरी भरलं आणि रिकामं केलं. त्यानंतर वस्तीत कोणाचं लेकरू तापानं फणफणलं, कोणाची म्हैस आटली, की माणूस आधी आमच्या अंगणात यायचा. ‘मास्तर, कोपली तर नसन ना?’ भाऊ म्हणायचे, ‘कोपाले कोनी असाले तर पाह्यजे ना.’ एवढं म्हणून घरी बसायचे नाहीत. त्या घरी जायचे, लेकराच्या उशाशी बसायचे, डॉक्टरकडे न्यायचे, ताप उतरेपर्यंत हलायचे नाहीत. सगळ्यांचे देव या एका माणसानं बुडवले होते, त्यामुळे सगळ्यांच्या भीतीची राखणही त्यालाच करावी लागत होती. हे मला आज इतकं स्वच्छ दिसतं. तेव्हा दिसलं असतं तर किती बरं झालं असतं.

गावाबाहेर मिशनचा एक जुना बंगला होता. गोरे साहेब केव्हाच निघून गेले होते, आणि तिथे शांतवन पाळकसाहेब आणि त्यांची बायको, जिला सगळे पाळकीणबाई म्हणत, अशी दोघंच राहत. गावात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे पाळकसाहेबांच्या कळपात मेंढरांपेक्षा पुस्तकं जास्त, असं भाऊ म्हणत. आता यातली गंमत अशी की पाळकसाहेब मूळचे आमच्याच वस्तीतले. त्यांच्या वडिलांनी गोऱ्या साहेबाच्या हातून बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं आणि वस्तीतून बंगल्याच्या आवारात गेले. आम्ही पुढच्या पिढीत दुसऱ्या दारानं बाहेर पडलो. भाऊ आणि ते लहानपणी एकाच नाल्यात डुंबलेले. एसटीच्या थांब्यावर दोघांची गाठ पडली की ऐकायला माणसं थांबत. ‘काऊन पाळक, तुमचा देव बरा हाय का?’ भाऊ विचारत. पाळकसाहेब टोपी सारखी करत म्हणत, ‘हाव, बरा हाय. कालच तुमच्याबद्दल इचारत होता, मास्तर काऊन येत नाही म्हने.’ ‘त्याले सांगजा, मास्तर शाळेत हाय, शिकाचं असन तर येऊन बस म्हना.’ मग दोघं एकाच बिडीच्या बंडलातून बिडी काढत.

भाऊंना मला कॉलेजात पाठवायचं होतं. आमच्याकडे तोवर कोणाची पोर गेली नव्हती. माझे सगळे विषय बरे होते, इंग्रजी मात्र मुळीच नव्हतं, आणि गावात चांगलं इंग्रजी येणारा माणूस एकच. भाऊंनी किती दिवस मनात घोळवलं कोणास ठाऊक. एका रविवारी मला घेऊन ते बंगल्यावर गेले आणि पाळकसाहेबांना सरळ म्हणाले, ‘तुमचे डोये गेले, हिले इंग्रजी पाह्यजे. पोरगी तुमाले वाचून दाखवीन, तुमी हिले सुधारा.’ पाळकसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. ते म्हणाले, ‘मास्तर, माह्याजवळ पुस्तकं हायेत थे सारे देवाचेच हायेत बरं.’  भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, ‘इंग्रजी आनजो, देव नको आनू.’ पाळकसाहेब खो खो हसले. भाऊ हसले नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते म्हणून मला माहीत आहे.

वाचन ओसरीवर चालायचं, रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. एका बाजूला पाळकीणबाईंचं शिवणयंत्र खडखडत असायचं, बाहेर सरकीच्या गाड्या जायच्या, आणि मी अडखळत अडखळत कुठल्या तरी फार जुन्या विद्वानाचं पान वाचत असायची. त्या जुन्यांपैकी एकाची पद्धत मला इतकी आवडली की मी तिच्या प्रेमातच पडले. तो आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचा, आणि तेही हातचं राखून नाही, विरोधकाला स्वतःलाही सुचलं नसतं इतकं चांगलं. आणि मगच आपलं उत्तर. आमच्या गावात भांडणं मी पुष्कळ पाहिली होती, पण समोरच्याची बाजू आधी भक्कम करून द्यायची आणि मग त्याच्याशी भांडायचं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. नवे लेखकही होते, युद्धं पाहून आलेले, देव गप्प का बसला असं देवालाच विचारणारे. त्यातला एक म्हणायचा की बुद्धी तुम्हाला काठापर्यंत आणून सोडते, पुढे उडी तुमची तुम्ही मारायची. ते वाचून मी रात्री अंथरुणात पाय आखडून घेत असे. पडल्यासारखं व्हायचं.

प्रत्येक पान झालं की पाळकसाहेब विचारायचे, ‘आता हे तुह्या मायले सांगाचं असन तर कसं सांगशीन?’ इंग्रजीतून वऱ्हाडीत आणल्याशिवाय कळलं असं ते मानतच नसत. एकदा कृपेवर फार अवघड प्रकरण होतं. जे कमावलेलं नाही, कमावता येतच नाही, ते मिळतं, असं काहीसं. मला काही केल्या पटेना. आमच्या घरात आपोआप काहीच आलं नव्हतं. भाऊंनी अक्षर न् अक्षर वर्गाच्या बाहेर बसून मिळवलं होतं. मी ओसरीच्या खांबाला टेकून बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, ‘लेकरू पोटात असते तवा त्यानं काय कमावलेलं असते? तरी माय जेवली का त्याले भेटते.’ शिवणयंत्र थांबलं. पाळकसाहेबांनी माझ्या दिशेनं हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावर ठेवायचा तो चुकून खांबावर ठेवला. ‘पाह्य,’ ते बायकोला म्हणाले, ‘तीस वर्सं मी हेच सांगून राह्यलो, पन असं नाही जमलं.’ पाळकीणबाईंनी मला त्या दिवशी दोन करंज्या जास्त दिल्या. मी त्या खात घरी आले आणि घराच्या अलीकडे थांबून तोंड पुसलं. करंज्या खाल्ल्या म्हणून नाही. मला आनंद झाला होता आणि तो घरी नेण्यासारखा नव्हता.

‘आज काय वाचलं?’ भाऊ विचारायचे. ‘इंग्रजी,’ मी म्हणायची. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त वाईट होतं. संध्याकाळी विहारात, म्हणजे आमच्या टिनाच्या एका खोलीत, भाऊ वंदना घ्यायचे. त्यांचा आवाज भारी होता, पत्र्याला लागून परत यायचा. मी पहिल्या ओळीत हात जोडून बसायची, त्यांच्या मागे त्रिसरण म्हणायची, पंचशील म्हणायची, आणि मनात त्या जुन्या विद्वानाच्या पद्धतीनं भाऊंची बाजू आधी भक्कम करून मग तिला उत्तर शोधत बसायची. भाऊंची बाजू मला पटायची. उत्तरही पटायचं. माझं त्या दिवसांतलं खरं वागणं एवढंच, की दोन्हीकडे मान डोलवायची आणि दोन्हीकडून घरी परतताना तोंड चोरायचं.

ओसरीवरचं वाचन संपलं की पाळकसाहेब मान खाली घालून दोन वाक्यांची प्रार्थना करायचे आणि शेवटी म्हणायचे, आमेन. पाळकीणबाई शिवणयंत्रावरून म्हणायच्या, आमेन. सुरुवातीला मी नुसती गप्प बसे. मग ते फार उद्धट वाटायला लागलं, त्यांची करंजी खायची, त्यांची पुस्तकं वाचायची आणि एक शब्द म्हणायला जीभ जड करायची. मीही म्हणायला लागले. ताट उचलून ठेवावं तसं ते होतं, रीत म्हणून. निदान सुरुवातीला तरी.

बुद्ध पौर्णिमेला त्या वर्षी वस्तीनं पहिल्यांदाच भोंगा आणला होता. बुलढाण्याहून पाहुणे आले होते, मोठ्या पातेल्यात खीर शिजत होती, आणि पत्र्यावर बांधलेल्या भोंग्यातून पोरं सकाळपासून हॅलो हॅलो करून गावाचे कान किटवत होती. वंदना भाऊंनी घेतली. मग त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, आता शेवटची मंगलकामना माझी मुलगी घेईल, ती पुढच्या वर्षी कॉलेजात जाणार आहे. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलला. मी माइकपाशी गेले. एक शब्द चुकला नाही. सगळ्यांचं दुःख दूर होवो, सगळ्यांचं भलं होवो, असं म्हणत गेले आणि आपल्याच बोलण्यात इतकी बुडाले की समोर माणसं आहेत हेही विसरले. आमच्यात वंदना संपली की सगळ्यांनी हात जोडून तीनदा ‘साधु’ म्हणायचं असतं, आणि सांगणाऱ्यानं ते आधी म्हणायचं असतं. मी डोळे मिटले, मान खाली घातली आणि माइकमध्ये म्हणाले, ‘आमेन.’

भोंगा चांगला होता. विहारात ऐकू आलं, एसटीच्या थांब्यावर ऐकू आलं, पार मिशनच्या बंगल्यापर्यंत ऐकू गेलं. क्षणभर खिरीच्या पातेल्याखालचं लाकूड तडतडलेलंसुद्धा कळलं. मग भाऊंनीच माझ्या मागून ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं आणि लोकांनी त्यांच्या पाठोपाठ म्हटलं, पण आवाज सगळ्यांचे फुटलेले होते. पाहुण्यांनी खीर अर्धीच खाल्ली. कोणीतरी मागे म्हणालं, ‘मास्तराची पोट्टी किरिस्ताव झाली बे.’ मी खाली पाहत होते तेवढ्यात मायनं माझा दंड धरला आणि मला घरी आणलं. तिनं मला ओरडायचं ठरवलं असावं, पण चुलीपाशी बसल्यावर तिनं फक्त विचारलं, ‘तोंडातून निंघालं का मनातून, व?’ मी म्हटलं, ‘मले नाही माहीत, माय.’ तिनं चुलीत लाकूड सारलं. मला वाटतं, मारायला उठली असती तर तिला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी बायजाबाई अंगणात आली. ती भांडायला आली नव्हती. भाऊ बाजेवर बसले होते, ती खाली बसली आणि तिनं अगदी हळू विचारलं, ‘मास्तर, तुमच्या पोरीले देव लागते, मंग माहाच काऊन बुडवला?’  अंगणाच्या कडेला आणखी दोन-चार माणसं उभी होती, तीही बहुधा तेच विचारायला आली होती. भाऊ उठून आत आले. मी कोनाड्याखाली बसले होते. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘विमल, चुकून आलं ना? सवयीनं? तू नुसतं हो म्हन. मी बाहेर जाऊन सांगतो तिले, का सवय होती, जीभ घसरली. लोकं माह्यं ऐकतात.’ खरंच ऐकत. माझ्या एका ‘हो’वर ते प्रकरण तिथेच मिटलं असतं.

मी हो म्हणाले नाही. आज एवढ्या वर्षांनी मी स्वतःला विचारते, का म्हणाले नाही. त्या पुस्तकांनी मला एक खोड लावली होती: जे पूर्ण खरं नाही ते म्हणायचं नाही. ती जीभ नुसती घसरली होती असं मला शपथेवर सांगता येत नव्हतं. डोळे मिटून सगळ्यांचं भलं मागताना मला खरोखरच कोणीतरी ऐकतंय असं वाटलं होतं. ते चूक होतं की बरोबर, मला ठाऊक नव्हतं, पण वाटलं होतं. आणि त्या माझ्या चोख खरेपणापायी मी माझ्या बापाला दारात तसाच उभा केला, हात रिकामे ठेवून. पुढे मी उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवलं, सत्य म्हणजे काय यावर पोरांची डोकी खाल्ली. पण बायजाबाईच्या मनातल्या भीतीपेक्षा माझी शंका मोठी होती का, या प्रश्नाला मी कधी वर्गात हात घातला नाही.  भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले, बाहेर गेले आणि म्हणाले, ‘बायजाबाई, मले नाही सांगता येत. माह्या घरातच मले सांगता आलं नाही.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वंदना घेणं सोडलं. कोणी सोडा म्हटलं नव्हतं. वस्तीतले दोन-तीन जण बोलावायलाही आले, पण ते म्हणाले, आता पोरांनी घ्यावी, माहा आवाज बसला. आवाज काही बसला नव्हता. शाळेत पाढे म्हणताना रस्त्यावर ऐकू यायचा. विहारात ते जायचे, पण शेवटच्या ओळीत, दारापाशी बसायचे. बायजाबाईनं कुठून तरी एक दगड आणून त्याला शेंदूर लावला आणि मडक्यामागे ठेवला. भाऊंना ते कळलं. त्यांनी तो उचलला नाही. नातेवाइकांनी माझं शिक्षण थांबवून लग्न उरकायचा आग्रह धरला, तेव्हा मात्र ते त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, ‘पोरगी कॉलेजात जाईन. इंग्रजी आलं हाय तिले.’ त्या वाक्यानं माझ्या अंगावर वळ उठल्यासारखं झालं.

बंगल्यावर मी पुन्हा गेले नाही. निरोप दिला नाही, वाचायला घेतलेलं प्रकरण अर्धंच राहिलं. ज्यांनी मला बोट धरून त्या भाषेत चालवलं त्या आंधळ्या माणसाला मी पानाच्या मधोमध सोडून दिलं आणि कारणही सांगितलं नाही. ओसरीवर ते संध्याकाळचे बसलेले दिसायचे, पुस्तक मांडीवर, मिटलेलं. मी त्या रस्त्यानं जाणं टाळायला लागले. भाऊ आणि त्यांची थांब्यावरची थट्टाही बंद झाली. दोघं समोरासमोर आले तर भाऊ एसटीच्या पाटीकडे पाहत आणि पाळकसाहेबांना तसंही काही दिसत नव्हतं. एका शब्दानं मी वस्तीचा धीर घालवला होता आणि दोन म्हाताऱ्या सोबत्यांची बिडीसुद्धा.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा पाळकसाहेब गेले. बातमी शाळेच्या शिपायानं आणली. भाऊंनी जेवत असलेलं ताट बाजूला सारलं, धुतलेलं धोतर नेसले आणि मला म्हणाले, ‘चाल.’ मी म्हटलं, ‘लोकं काय म्हनतीन?’ ते म्हणाले, ‘म्हनू दे, चाल.’ ख्रिस्ती घरं इतकी थोडी की पेटी उचलायला माणसं पुरत नव्हती. भाऊंनी एका बाजूनं खांदा दिला. पाळकीणबाई मला ओसरीवर भेटल्या, शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘भोंग्यातून तुहा आवाज आला ना, त्या दिवशी साहेब लई रडले. म्हने, मास्तरचं घर मोडलं मी. पुढे मले कधी वाचाले नाही सांगतलं.’ मला वाटत होतं अपराध माझ्या एकटीच्या वाट्याचा आहे. तो त्यांनीही स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि तो घेऊनच ते गेले होते.

दफनभूमी बंगल्याच्या मागे, निंबाखाली. मलकापूरहून कोणी दुसरे पाळक आले होते, त्यांनी शास्त्र वाचलं, प्रार्थना केली. शेवटी जमलेल्या मूठभर माणसांनी म्हटलं, आमेन. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. म्हणावंसं वाटत होतं, त्या माणसाचं माझ्यावर तेवढं ऋण नक्कीच होतं, पण भाऊ शेजारी उभे होते. आणि त्या शांततेत भाऊंचा आवाज आला, विहारातला, पत्र्याला लागून परत यायचा तो. त्यांनी हात जोडले होते, डोळे मिटले होते, मान खाली घातली होती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, ‘साधु. साधु. साधु.’

माणसं वळून पाहायला लागली. मलकापूरच्या पाळकांनी पुस्तक मिटलं. एक पोरगा फिदीफिदी हसला, त्याला कोणीतरी कोपरानं ढोसलं. पाळकीणबाई मात्र भाऊंकडे पाहत होत्या आणि त्यांच्या ओठांवर काहीतरी हललं. भाऊंनी मूठभर माती टाकली, हात झटकले आणि निघाले. मी मागोमाग. सरकीच्या गाडीला वाट द्यायला आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो तेव्हा मी धीर करून विचारलं, ‘भाऊ, थे चुकून आलं का तुमच्या तोंडात?’

गाडी पुढे गेली. धूळ खाली बसली. मग भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘तू सांगतलं होतं का मले?’

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते, रडले असते, माफी मागितली असती. ती मागायची एवढी चांगली जागा मला पुन्हा मिळाली नाही. ते चालू लागले, आणि मी त्यांच्या मागोमाग निघाले.